वातानुकूलन यंत्रातील झडपा : निगा आणि दुरुस्ती

द्वितीय वर्ष, कला

वार्षिकांकासाठी साहित्य द्यावे अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वर्गातील बहुतेकांनी कविता दिल्या. मीही एक करून पाहिली. ती पुढे सरकेना. "तुला ज्यातले खरोखर काही कळते त्यावर लिही," असे आमच्या सरांनी सांगितले. मला कळते ते फार थोडे. घरची साडेतीन एकर कोरडवाहू शेती, तिच्यातील कपाशी आणि तूर, आणि गेल्या दोन उन्हाळ्यांत अकोल्याला मामांच्या हाताखाली शिकलेले वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम. शेतीवर माझ्याहून अधिक अधिकाराने लिहू शकतील असे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात पुष्कळ आहेत. म्हणून दुसरा विषय घेतला, आणि त्यातलाही एक लहानसा भाग : झडपा. कला शाखेच्या विद्यार्थ्याला हे कशाला हवे, असे काहींना वाटेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच.

झडप हा शब्द आपण शाळेत हृदयाच्या धड्यात शिकलो. कारागिरांच्या तोंडी तो 'वॉल' असा येतो. वाटेने जाणाऱ्या पाण्याला, हवेला किंवा वायूला जाऊ देणे, अडविणे किंवा मोजके सोडणे एवढेच झडपेचे काम. फवारणीच्या पंपात ती असते, हातपंपात असते, सायकलच्या ट्यूबमध्येही असते. मी पहिली दुरुस्त केलेली झडप आमच्या घरच्या पत्र्याच्या कूलरमधली. कूलरच्या तळाशी पाणी ठरावीक उंचीवर आले की प्लास्टिकचा गोळा तरंगून वर येतो आणि पाण्याची वाट बंद करतो. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारट. ते कूलरमध्ये उडून गेले की मागे पांढरा थर उरतो. तो थर झडपेच्या तोंडाशी बसला की गोळा वर येऊनही वाट पूर्ण बंद होत नाही आणि रात्रभर थेंब थेंब पाणी सांडत राहते. दहावीच्या सुटीत मी ती झडप उघडून लिंबाच्या रसात भिजत घातली, थर सुटला आणि गळती थांबली. मायला त्याचे फार कौतुक वाटले. तिने ते मामांना फोनवर सांगितले आणि पुढल्या काही वर्षांनी माझी रवानगी अकोल्याला झाली ती त्या एका लिंबामुळे.

कूलर आणि वातानुकूलन यंत्र यांतील फरक पुष्कळांना नीट ठाऊक नसतो, म्हणून थोडक्यात सांगतो. माठातले पाणी गार का होते, हे आपण सर्व जाणतो. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. कूलर म्हणजे पंखा लावलेला माठच होय. वातानुकूलन यंत्रातही एक द्रव उडतो आणि उष्णता घेतो. परंतु तो हवेत जात नाही. बंद नळ्यांतून त्याला बाहेरच्या पेटीकडे नेतात. तेथे कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबल्याने तो फार गरम होतो, आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हा द्रव होतो आणि एका अरुंद वाटेतून घरातल्या जाळीत परत येतो. अरुंद वाटेतून सुटताच त्याचा दाब एकदम उतरतो व तो थंड होऊन उडू लागतो. हे चक्र वर्षानुवर्षे चालते. त्या द्रवाला कारागीर 'गॅस' म्हणतात आणि मीही या लेखात तोच शब्द वापरणार आहे.

येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. आपण कापसाच्या मुलखातले लोक. आणि 'एअर कंडिशनिंग' हे नावच कापसाच्या धंद्यातून आले आहे. हवेतील दमटपणा काबूत ठेवणारे यंत्र विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखले, कारण दमट हवेत कागद फुगून रंगांचे ठसे सरकत असत. परंतु या विद्येला हे नाव १९०६ साली दिले ते स्टुअर्ट क्रेमर या कापड गिरण्यांच्या अभियंत्याने. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून गिरणीतील हवा दमट ठेवावी लागते. सुतावरील त्या संस्काराला जे नाव होते तेच त्याने हवेला लावले. आपल्या विदर्भातही नागपूरला १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी हवा दमट राखणारी यंत्रे बसविली होती. म्हणजे माणसाला गारवा मिळावा हा विचार मागाहून आला. आधी काळजी होती ती कागदाची आणि धाग्याची.

असो. आता मुख्य विषयाकडे वळू.

घरांत, दुकानांत आणि बँकांच्या शाखांत भिंतीवर जे यंत्र दिसते, त्याची दुसरी पेटी बाहेर सज्जावर किंवा गच्चीवर असते. त्या बाहेरच्या पेटीच्या बाजूला दोन पितळी झडपा असतात. एकीला बारीक नळी जोडलेली, दुसरीला जाड. आमच्या धंद्यात नळीची जाडी सुतात मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच. बारीक नळी बहुधा दोन सुताची, जाड नळी तीन किंवा चार सुताची. बारकीतून द्रव आत जातो, जाडीतून वायू परत येतो. यंत्र कारखान्यातून येते तेव्हा सगळा गॅस बाहेरच्या पेटीत कोंडलेला असतो आणि या दोन्ही झडपा बंद असतात. नळ्या जोडून, त्यांतली हवा काढून घेतल्यावर षट्कोनी किल्लीने झडपेचा दांडा उलटा फिरवून ती पूर्ण उघडायची. दांडा शेवटाला टेकला की थांबायचे. तेथे जोर लावला तर आतला आधार तुटतो आणि दांडाच बाहेर उडतो. त्यामागे असलेला दाब लहानसहान नसतो. मोटारीच्या चाकात चौरस इंचाला तीस-पस्तीस पौंड हवा असते. आर-३२ गॅसच्या यंत्रात, ते चालू असताना, कमी दाबाच्या बाजूला सव्वाशे पौंडांच्या आसपास आणि उन्हाळ्यात जास्त दाबाच्या बाजूला चारशे पौंडांच्या वर दाब असतो. बाहेर सुटणारा द्रव हातावर पडला तर कातडी गोठून भाजल्यासारखी होते. मामांच्या उजव्या अंगठ्याजवळ तसा एक पांढरा डाग आहे. म्हणून हातमोजे आणि चष्मा हे नखरे नव्हेत.

जाड नळीच्या झडपेला आणखी एक आडवे तोंड असते. गॅस तपासायचा, काढायचा किंवा भरायचा तो तेथून. त्या तोंडात एक बारीक स्प्रिंगची पिन असते. मोटारसायकलच्या ट्यूबमध्ये असते तशीच. १८९३ साली टायरसाठी तिचे पेटंट घेतले गेले आणि पुढे ती या धंद्यातही आली. परंतु ट्यूबची पिन काढून येथे बसवू नये. तिचे रबर या गॅसला व त्यातील तेलाला टिकत नाही. हा प्रयोग करणारे कारागीर मी पाहिले आहेत.

दांड्यावर आणि या आडव्या तोंडावर पितळेच्या टोप्या असतात. या टोप्या धूळ बसू नये म्हणून असतात असे मला प्रथम वाटले होते. पुष्कळांना तसेच वाटते. वस्तुतः पिन किंवा दांड्याभोवतीचे रबर थोडेफार पाझरणारच, हे धरून टोपी केलेली असते. शेवटचा बंदोबस्त तिचा. ती हाताने फिरवून सोडून द्यायची नसते. पान्याने बेताने आवळायची असते.

हे मी कसे शिकलो ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही. पहिल्या उन्हाळ्यात एका खाजगी दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या खोलीचे यंत्र आम्ही बसविले. मामा आत होते, बाहेरच्या पेटीचे शेवटचे काम माझ्याकडे होते. चार वाजले होते, सज्जा तापला होता, आणि मी टोप्या बोटांनी फिरवून पाना पिशवीत टाकला. दहा-बारा दिवसांनी दवाखान्यातून फोन आला की खोली गार होत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारच्या दोन शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर ढकलल्या गेल्या होत्या. व्हरांड्यात एक म्हातारे गृहस्थ बसलेले. बोलण्यावरून कळले की ते आमच्याच संग्रामपूर तालुक्यातले. "आमच्या बुढीचं आपरेशन त्या मशीनपायी राह्यलं बाप्पा," असे ते मला म्हणाले, आणि वरतून मलाच त्यांनी डब्यातली भाकर देऊ केली. मामांनी आडव्या तोंडावर साबणाचे पाणी लावले. पिनेत रेतीचा एक कण अडकला होता आणि सैल टोपीखालून एक बुडबुडा फुगत होता, फुटत होता, पुन्हा फुगत होता. मामांनी माझ्याकडे पाहिले. बोलले काही नाहीत. पिन बदलली, गॅस वजन करून भरला, टोपी आवळली आणि दवाखान्याकडून एक पैसाही घेतला नाही. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी खरे सांगितले नाही. आज येथे पहिल्यांदा सांगतो आहे.

यावरून निघणारी गोष्ट अशी की, गॅस 'संपत' नाही. आपल्याकडे एक समज रूढ आहे की दर उन्हाळ्याला जसे कूलरच्या ताट्या बदलाव्या लागतात तसा यंत्रात गॅस भरावा लागतो. मार्च-एप्रिल लागला की माणूस बोलवायचा, त्याने अडीच-तीन हजार घेऊन गॅस भरायचा, पुन्हा पुढच्या वर्षी तेच. मामांचे यावरचे म्हणणे मी त्यांच्याच भाषेत देतो : "भाऊ, थो काही पेट्रोल नाही जळाले. आतल्या आत फिरते. कमी झाला म्हंजे कुठूनतरी गेला. कुठून गेला थे पाहाय पह्यले, मंग भर." गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. दुरुस्ती माठाची करायची असते.

गळती शोधण्याची पहिली खूण म्हणजे तेल. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेल नळ्यांतून फिरत असते. जेथून गॅस जातो तेथे तेही पाझरते आणि त्यावर धूळ चिकटून काळसर ओशट डाग पडतो. झडपेच्या टोपीखाली किंवा नळीच्या जोडावर असा डाग दिसला की बहुतेक वेळा शोध तेथेच संपतो. नाही तर साबणाचे पाणी. घाईने फडके फिरवून उपयोग नाही. दाट फेस लावायचा आणि एकेका जोडाकडे मिनिटभर डोळे लावून बसायचे. बारीक गळतीचा बुडबुडा मोहरीएवढा असतो आणि सावकाश वाढतो.

एवढ्यानेही सापडले नाही तर उरलेला गॅस काढून घेऊन नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरून दाब धरून पाहायचा. किती दाब धरायचा ते यंत्राच्या पट्टीवर लिहिलेले असते, आणि सिलिंडरला दाब कमी करणारे मापक असल्याशिवाय हे काम करायचे नाही. येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. नायट्रोजन महाग पडतो म्हणून वेल्डिंगच्या ऑक्सिजनने दाब धरणारे लोक आहेत. यंत्रात तेल असते. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. या चुकीपायी माणसे गेलेली आहेत. यात अनुभवाची, धाडसाची किंवा हातोटीची सबब चालत नाही.

गळती जोडावर असेल तर बहुधा नळीचे फुलविलेले तोंड चिरलेले असते. ते कापून नव्याने फुलवावे. जुन्याच तोंडावर नट आणखी आवळला तर चीर वाढते. दोन सुताच्या नटाला १४ ते १८ न्यूटन-मीटर आणि तीन सुताच्या नटाला ३४ ते ४२ न्यूटन-मीटर एवढाच पीळ सांगितलेला आहे. तो मोजणारा पाना मिळतो. मामा इतकी वर्षे मनगटाने मोजत आले आणि त्यांचे मनगट, तो पाना घेतल्यावर आम्ही ताडून पाहिले तेव्हा, जवळपास बरोबर निघाले. माझे नव्हते. पिन पाझरत असेल तर पिन बदलावी. दांड्याचे रबर गेले असेल तर मात्र पुष्कळ वेळा सबंध झडपच बदलावी लागते. मग ती झाळून काढणे व झाळून बसविणे आले. त्याआधी गॅस पूर्ण काढलेला असावा, कारण ज्योतीत सापडलेल्या गॅसपासून विषारी वायू तयार होतात. नवी झडप बसविताना तिची पिन काढून ठेवावी आणि अंगाला ओले फडके गुंडाळावे, नाही तर झाळण्याच्या उष्णतेने आतले नवे रबर तेथेच जळते. नळीतून मंद नायट्रोजन सोडीत राहावे. तसे न केल्यास तांब्याच्या आतून काळी खपली धरते आणि पुढे तीच सुटून बारीक वाटेत अडकते.

आता कला शाखेचा संबंध कोठे येतो ते सांगतो. मामा नववीपर्यंत शिकलेले. यंत्राबरोबर येणारी पुस्तिका इंग्रजीत. हिंदीत असली तरी ती इंग्रजीहून अवघड. मामा चित्रे पाहत आणि पुस्तिका गिऱ्हाइकाला परत देत. दुसऱ्या उन्हाळ्यात आर-३२ ची यंत्रे पुष्कळ येऊ लागली होती. एके दुपारी काम नव्हते म्हणून मी शब्दकोश घेऊन एक पुस्तिका लावीत बसलो. इंग्रजी मला सोपे जाते असे नाही. आमच्या घरात इंग्रजी पुस्तक उघडणारा मी पहिला माणूस आहे. दोन दिवसांत चार पाने झाली. त्यात एक वाक्य असे होते की नळ्यांतली हवा यंत्रातल्याच गॅसने ढकलून काढू नये, पंपाने निर्वात करावी.

मामा नेमके ढकलूनच काढीत असत. जोड किंचित सैल ठेवायचा, बारीक झडप क्षणभर उघडायची, गॅसचा झोत हवेला पुढे लोटतो, फुस्स आवाज आला की जोड आवळायचा. आर-२२ च्या काळापासून पुष्कळ जण असेच करीत आले. मी मामांना ते वाक्य वाचून दाखविले. ते चिडले. "पंधरा वर्षं झाले मले. तू दोन उन्हाळे नाही काढले, अन् मले शिकवून राह्यला काय?" मी गप्प बसलो. मामांना उलट बोलण्याची आमच्याकडे रीत नाही, आणि ज्याच्या घरी जेवायचे त्याला पुस्तकातली चूक दाखविणे मलाच बरे वाटत नव्हते. पण रात्री जेवताना त्यांनीच विचारले, "काहून नाही करा म्हंते थे पुस्तक?" तेव्हा मी जे समजले होते ते सांगितले. झोताने हवा जाते, पण नळीच्या आत चिकटलेली ओल जात नाही. ती पुढे झडपेत गोठते किंवा तेलाशी मिसळून आम्ल करते. आर-३२ काही प्रमाणात पेट घेणारा आहे, म्हणून तो असा मोकळा सोडणे धोक्याचेही. चिखलदऱ्याला वरण शिजायला वेळ लागतो, कारण तेथे हवेचा दाब कमी आणि पाणी लवकर उकळते. पंपाने दाब पार उतरवला की नळीतली ओल खोलीच्या उष्णतेवरच उकळते आणि पंप ती ओढून घेतो. मापकावर ५०० मायक्रॉन, म्हणजे पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरइतका दाब येईपर्यंत पंप चालवायचा. मग पंप बंद करून काटा जागेवर राहतो का ते पाहायचे. काटा वर चढून थांबला तर ओल आहे, चढतच राहिला तर गळती. चिखलदऱ्याचे मामांना पटले. ते तेथे गेलेले होते. महिनाभराने त्यांनी जुना पंप विकत घेतला, आणि मी उरलेली पाने मराठीत उतरवावीत असे ठरले.

ती वही आता शंभर पानांची झाली आहे. शब्दांची अडचण पदोपदी येते. 'झडप' मामांना चालत नाही. ते म्हणतात, झडप दरवाज्याची. म्हणून वहीत 'वॉल' आहे आणि या लेखात 'झडप'. भाषांतराच्या तासाला आपण जे प्रश्न घेतो तेच हे प्रश्न, फक्त येथे चुकीच्या शब्दाने कोणाचे बोट जाऊ शकते.

त्या वहीतल्या एका पानाने मला स्वतःला भीती वाटली. यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचे असते तेव्हा सगळा गॅस बाहेरच्या पेटीत ओढून घेतात. आधी बारीक नळीची झडप बंद करायची, यंत्र चालू ठेवायचे, जाड बाजूचा काटा शून्याच्या जवळ आला की जाड नळीची झडप बंद करून लगेच वीज तोडायची. क्रम साधा आहे. परंतु या वेळी नळी कोठे फुटलेली किंवा जोड उघडा असेल तर कॉम्प्रेसर गॅसऐवजी हवा ओढू लागतो. हवा आणि तेल दाबले गेले की डिझेलच्या इंजिनात होते तेच होते, पण येथे ते सहन करणारे इंजिन नसते. कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटतो. म्हणून गळती असलेल्या यंत्राचा गॅस अशा रीतीने ओढू नये, आणि वीज तोडल्याशिवाय एकही नट सोडू नये.

आणखी एक झडप सांगितली पाहिजे, ती म्हणजे गॅसला अरुंद वाट करून देणारी. लहान यंत्रांत तिच्या जागी केसासारख्या भोकाची लांब नळी असते. तिच्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. मोठ्या यंत्रांत खरी झडप असते आणि तिला एक तांब्याचा लहान गोळा तारेसारख्या नळीने जोडलेला असतो. तो गोळा जाड नळीला घट्ट बांधलेला असतो. परत येणारा वायू जास्त गरम झाला की गोळ्यातला दाब वाढतो आणि झडप अधिक उघडते. गार झाला की मिटते. माणूस न लागता चालणारी ही व्यवस्था मला फार आवडते. तिच्यातले दोष बहुधा झडपेबाहेरचे असतात. गोळ्याची पट्टी सैल होते, त्याच्यावरचे वेष्टन उंदीर कुरतडतात, मग तो नळीऐवजी बाहेरच्या हवेची उष्णता सांगू लागतो आणि झडप वेड्यासारखी उघडी राहते. गोळ्याची नळी चिरून आतला वायू गेला तर उलट झडप मिटूनच राहते. यंत्र तासभर गार करते, मग थांबते, बंद ठेवून पुन्हा लावले की चालते, अशी तक्रार आली तर ओलीचा संशय घ्यावा. अरुंद तोंडाशी पाण्याचा कण गोठतो आणि वाट अडते. बर्फ वितळला की सुटते. अशा वेळी झडप बदलणारे कारागीर नवी झडपही त्याच ओलीत बसवितात. नव्या यंत्रांत वीजेवर पायरीपायरीने उघडणारी झडप आली आहे. तिच्यावरचे वेटोळे जळले तर तेवढेच बदलता येते, झडपेला हात लावावा लागत नाही.

मोठ्या इमारतींत गार पाणी फिरविणाऱ्या यंत्रणा असतात. त्यांच्या झडपा मी एकाच ठिकाणी पाहिल्या. तेथील वयस्क यंत्रचालक वर्षातून दोनदा प्रत्येक झडप पूर्ण मिटून पूर्ण उघडीत, चाक जरासे मागे आणून ठेवीत आणि दांड्याला ग्रीस लावीत. वर्षानुवर्षे एकाच जागी उभी राहिलेली झडप ऐन वेळी फिरत नाही. त्यांच्याकडे वर पाण्याचा मनोरा होता आणि त्यात पाणी घेणारी झडप आमच्या कूलरमधल्यासारखीच, फक्त गोळा कलिंगडाएवढा. तिच्या तोंडाशी तोच पांढरा थर होता. मी खिशातून लिंबू काढतो की काय असे मामांना वाटले असावे, कारण ते हसत होते.

गळका गॅस जातो कोठे, हाही प्रश्न आहे. आर-२२ वातावरणातील ओझोनच्या थराला घातक, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने अशा वायूंवर बंधने आली. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. त्याच्या जागी आलेल्या आर-४१०ए ने ओझोनला अपाय होत नाही, परंतु तो एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता कोंडतो. आर-३२ चा हा हिशेब पावणेसातशे किलोच्या आसपास येतो. या वायूंचा वापर कमी करण्याचा किगालीचा करार २०१६ साली झाला व भारताने तो २०२१ साली मान्य केला. सैल टोपीखालचा तो बुडबुडा याच हिशेबात मोजला जातो, हे मला मागाहून वाचताना कळले. गारव्यासाठी लावलेले यंत्र बाहेरच्या उन्हाळ्यात अशी भर घालते, हे आमच्यासारख्या ४५ अंशांच्या मुलखातल्या माणसाला विशेष खुपते.

ज्यांच्या घरी किंवा कार्यालयात यंत्र आहे त्यांनी कारागीर आल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. गॅस कमी आहे असे तो म्हणाला तर कोठून गेला ते त्याला दाखवायला सांगावे. गॅस भरताना सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला आहे का ते पाहावे, कारण किती ग्रॅम भरायचा ते पट्टीवर लिहिलेले असते. आणि तो गेल्यावर बाहेरच्या पेटीच्या झडपांवर टोप्या आहेत का ते पाहावे. तीन टोप्या असतात, दोन दांड्यांवर आणि एक आडव्या तोंडावर. टोपी हाताने फिरली तर त्याला जिन्यातूनच परत बोलवावे.

परीक्षा संपली की मी पुन्हा अकोल्याला जाणार आहे. मामांचा निरोप आला आहे की वहीचे पुढले पान आणावे, आणि येताना घरची लिंबे आणावीत.